मासे की सोडा?

पाडव्याच्या आदल्या दिवशी सिंकखालचं कपाट आवरायला काढलं, तर आतून सोड्याच्या सत्तेचाळीस रिकाम्या बाटल्या निघाल्या. पाऊण लिटरच्या, वीस रुपयेवाल्या. संक्रांतीनंतर भंगारवाल्याला एकदाही हाक मारली नव्हती, म्हणजे हा सगळा दोन महिन्यांचा ऐवज. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब बघते. त्यामुळे बाटल्या गोणीत भरता भरताच डोक्यात बेरीज झाली: ९४० रुपये. भंगारवाल्याने गोणी काट्याला अडकवली आणि माझ्या हातावर सतरा रुपये ठेवले. दोन महिन्यांत सोड्याच्या सत्तेचाळीस बाटल्या काढणाऱ्या घराबद्दल त्याचं काय मत झालं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि मागे दारात गळ्यात तुळशीची माळ घातलेले आमचे आप्पा उभे.

आमच्याकडचा सोडा आप्पांसाठी येतो. माझे सासरे, वय ७८. वागळेतच एका कंपनीत चौतीस वर्षं फिटर होते. रात्री जेवण झालं की अर्धं लिंबू पिळून पेलाभर सोडा, मग एक ढेकर, मग झोप. त्यांच्यामुळे माझ्या नवऱ्यालाही सवय लागली, आणि उन्हाळ्यात कोकमाच्या आगळात पाण्याऐवजी सोडा घालून बघितल्यापासून मलाही. सोडा सोडायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता, की पाणी आणि वायू यांच्यासाठी आपण लिटरला सत्तावीस रुपये का मोजतोय.

पहिला प्रयोग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. जांभळी नाक्यावरून पावशेर लिंबूसत आणलं, खायचा सोडा घरात होताच. गार पाण्यात लिंबूसत विरघळवायचं, वरून सोडा टाकायचा, फसफसलं की घटाघट प्यायचं. माझी आजी पोट फुगलं की हेच द्यायची, तेव्हा कुणी चवीची तक्रार करत नसे, कारण ते औषध होतं. रोजच्या पेल्यात मात्र ते खारट, थोडं साबणासारखं लागलं. माझा मुलगा चिन्मय अकरावी सायन्सला आहे. त्याने वहीत मांडून दाखवलं: सोडा आणि लिंबूसत एकत्र आले की ८४ ग्रॅम सोड्यामागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, पण मागे सोडियम सायट्रेट नावाचं मीठ पाण्यातच राहतं. बाटलीतल्या सोड्यात लिटरमागे साधारण सहा-सात ग्रॅम वायू असतो. तेवढा घरी आणायचा तर लिटरला बारा-तेरा ग्रॅम खायचा सोडा लागेल, म्हणजे तीन ग्रॅमच्या वर सोडियम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात दोन ग्रॅमच्या आत राहा म्हणते. शिवाय उघड्या पेल्यात निम्म्याहून अधिक वायू हवेतच जातो. आप्पांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. वही मिटली.

मग आल्याचं विरजण. इंग्रजीत त्याला ‘जिंजर बग’ म्हणतात, त्यापेक्षा मला हे नाव बरं वाटतं, कारण काम अगदी विरजणाचंच असतं. आलं सालासकट किसायचं (सालावरच ते यीस्ट असतं, म्हणून साल काढायची नाही), दोन चमचे किस, दोन चमचे साखर, दोन कप पाणी, बरणीच्या तोंडाला फडकं. रोज चमचा-चमचा आलं-साखर वाढवायची आणि ढवळायचं. थंड हवेत याला आठवडा लागतो म्हणे. आमच्या ओट्यावर एप्रिल महिन्यात तिसऱ्या दिवशी बरणीला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येत होती, आणि चौथ्या दिवशी वर फेसाची साय आली. ते पाव कप गाळून लिटरभर गोड कोकम सरबतात घातलं, दोन काचेच्या बाटल्यांत भरलं, बुचं घट्ट लावली आणि ओट्यावरच्या फळीवर ठेवून दिलं.

रात्री दोनच्या सुमारास एक बाटली फुटली. फुटली म्हणजे तडकली नाही. आवाजाने खालच्या मजल्यावरचा दिवा लागला. काच पोह्यांच्या डब्यामागे, चहाच्या भांड्यात, गॅसच्या शेगडीखाली. तिथे त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून निभावलं. दुसरी बाटली अजून फळीवरच उभी होती. नवऱ्याने गोधडी टाकून ती तशीच मोरीत नेली आणि लांबून बूच सैल केलं. टाइल्सच्या सांध्यांतला तांबूस रंग अजून पूर्ण गेलेला नाही.

सकाळी आप्पा काचेचा एक तुकडा बोटांत धरून बघत होते. म्हणाले, "अगं, ही सरबताची काच. सोड्याची काच कशी असते, बघितलीस का कधी? गोटी सोड्याची बाटली उचलून बघ, नुसती मोकळीच हाताला जड लागते." खरंच आहे. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये ती गोटीची बाटली पेटंट केली तेव्हा आतल्या वायूनेच गोटी वर दाबून बाटली बंद करायची ही त्याची युक्ती होती, आणि तेवढा दाब पेलायला काच जाड हवीच. आप्पा मग तलावपाळीवरच्या गाड्यांवर आणि ड्यूक्सच्या लेमोनेडवर गेले. ड्यूक्स ही पारशी मंडळींची १८८९ सालची कंपनी, १९९४ मध्ये ती पेप्सीने घेतली. त्यानंतर त्या लेमोनेडला ती चव राहिली नाही असं आप्पांचं म्हणणं, आणि ते महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

विरजण पुढे प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटलीत केलं आणि ते छान झालं. प्लॅस्टिकचा फायदा असा की बाटली दाबून कळतं. बोटाने दाबली आणि दगडासारखी लागली की लगेच फ्रिजमध्ये. आमच्याकडे मे महिन्यात हे दीड दिवसात व्हायचं. चव आल्याची, किंचित ताकासारखी आंबूस. मी खूश होते. पण चिन्मयने इथेही गणित केलं: यीस्ट साखर खातं तेव्हा जेवढा वायू सुटतो, जवळजवळ तितक्याच वजनाचं अल्कोहोल तयार होतं. लिटरला सहा ग्रॅम वायू, तर सहा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. म्हणजे पाऊण टक्का, बिअरच्या तुलनेत काहीच नाही. पण हे त्याने जेवताना, आप्पांच्या समोर सांगितलं. आप्पांनी पेला खाली ठेवला, माळेला हात लावला आणि काही बोलले नाहीत. त्यानंतर आल्याचं विरजण आमच्याकडे फक्त माझ्यासाठी, आणि एकादशी सोडून.

मधे एक छोटा, महाग अध्याय होऊन गेला. मैत्रिणीकडे सायफन पडून होता, म्हणजे पाणी भरून वर छोटी स्टीलची गोळी पिळायची तो जुना सोडामेकर. तिने तो दिला. गोळ्या मी ऑनलाइन मागवल्या, दहाचा खोका. सोडा तयार झाला, बुडबुडे अगदी बारीक, दुधाळ. पण जिभेला झिणझिणी नाही आणि पाणी चक्क गोडसर. पेला परत परत हुंगून झाला, मग खोका नीट वाचला. त्या क्रीम फेटायच्या गोळ्या होत्या, नायट्रस ऑक्साइडच्या. दिसायला हुबेहूब तशाच, आकारही तोच. सोड्याची जी बोचरी चव असते ती बुडबुड्यांची नसते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात गेल्यावर जे सौम्य आम्ल होतं, त्याची असते. हे मला चारशे रुपये घालवून कळलं. बरोबर गोळ्या मिळतात, पण लिटरला आठ ग्रॅमची एक गोळी लागते आणि मला ती बत्तीस रुपयांना पडत होती. दुकानातला सोडा सत्तावीस. सायफन पुसून परत केला.

खरा रस्ता सापडला तो नौपाड्यातल्या फिशटँकच्या दुकानात. चिन्मयच्या मित्राकडे टाकीत पाणवनस्पती आहेत, आणि वनस्पतींना वायू लागतो म्हणून ही मुलं प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांची एक जोडणी वापरतात: दोन टोपणं, दोन नळ्या, एक बारीक कॉक आणि एक सुपारीएवढा दाबमापक. एका बाटलीत खायचा सोडा आणि थोडं पाणी, दुसरीत लिंबूसताचं पाणी. दुसरी बाटली हाताने दाबली की आंबट पाण्याचा एक घोट पहिलीत जातो आणि वायू सुटतो. म्हणजे पहिल्याच प्रयोगातला वायू, फक्त मीठ मागच्या बाटलीत राहतं आणि पुढे निव्वळ वायू येतो. जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये लीड्समध्ये दारूच्या भट्टीत आंबणाऱ्या पिंपावर पाणी धरून पहिला कृत्रिम सोडा केला, तेव्हा तो माझ्या विरजणाचा भाऊ होता. नंतर १७७२ मध्ये त्यांनी छोटी पुस्तिका काढून खडू आणि गंधकाच्या तेजाबाने वायू करायची रीत सांगितली, ती या बाटल्यांची आजी. आमच्या घरात दोन महिन्यांत जे झालं त्याला त्यांना पाच वर्षं लागली, हे मी चिन्मयला सांगितलं. तो म्हणाला, त्यांच्याकडे फिशटँकचं दुकान नव्हतं.

ही जोडणी आम्ही थोडी बदलली. पहिल्याच दिवशी सोड्याचा फेस नळीतून पुढे येऊन प्यायचं पाणी खारट झालं, म्हणून आप्पांनी मधे एक रिकामी बाटली घातली. फेस आला तर तिथेच अडकतो. लिटरभर पाण्यासाठी २५ ग्रॅम सोडा आणि २१ ग्रॅम लिंबूसत. एकदम सगळं ओतायचं नाही, कारण त्यातून सात लिटरच्या वर वायू निघतो आणि बाटल्यांत मोकळी जागा असते लिटरभर. घोट घोट करत जायचं. दुसरी बाटली दाबली की दाबमापकाचा काटा सरसर तिसावर (पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तीस पौंड दाब) येतो. तिथे थांबायचं आणि प्यायच्या गार पाण्याची बाटली आडवी धरून जोरात हलवायची. काटा उतरायला लागतो: अठ्ठावीस, पंचवीस, अठरा. तो उतरताना बघण्यात मजा आहे, कारण जेवढा काटा उतरला तेवढा वायू पाण्यात गेला. मग पुढचा घोट. काटा हलवूनही उतरेनासा झाला की सोडा तयार. बाटल्या मात्र सगळ्या सोड्याच्याच हव्यात. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती या कामाची नाही.

खर्च लिटरला सहा-सात रुपये, आणि जोडणीचे हजार-बाराशे. ज्यांच्याकडे पाहुणे आल्यावरच सोडा लागतो त्यांनी इथेच थांबावं असं माझं मत आहे. आम्हाला रोज लागतो. रोज वीस मिनिटं वजन करा, ओता, हलवा, शेवटी तीन बाटल्या धुवा. पंधरा दिवसांत माझा उत्साह संपला आणि आप्पा परत गुपचूप कोपऱ्यावरून बाटली आणायला लागले.

सिलिंडरची कल्पना त्यांचीच. "वागळेत सोळा नंबरच्या रस्त्याला गॅस भरून देणारे होते आमच्या वेळी," ते म्हणाले. माझ्या कारखान्यात वेल्डिंगसाठी कार्बन डायऑक्साइड येतोच, आणि सुपरवायझर म्हणालाही, "मॅडम, दोन किलो आपल्यातूनच काढून घ्या, कळणारसुद्धा नाही." कळलं असतं, कारण गॅसचा हिशेब माझ्याकडेच असतो. आणि तो वायू शुद्ध असला तरी ती टाकी, तो व्हॉल्व्ह, ती भरणी खाण्यापिण्यासाठी केलेली नसते; आधी आत काय होतं कुणाला ठाऊक. जुन्या अग्निशामक नळकांड्यांचंही तेच.

जूनच्या पहिल्या शनिवारी आप्पा आणि मी रिक्षाने गेलो. गाळा मिळाला. आत गुडघ्याएवढ्यापासून माणसाएवढ्यापर्यंत टाक्या उभ्या, जमिनीवर साखळ्या. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मासे की सोडा?"

"सोडा," आप्पा म्हणाले.

"मग फूड ग्रेड. बिल वेगळं बनतं."

दोन किलोची जुनी पण चाचणी झालेली टाकी ३,८०० रुपयांना, गॅससकट. आप्पांनी ती आडवी धरून मानेवरचे ठोकलेले आकडे अंगठ्याने वाचले, डोळ्यांनी नाही. रिकाम्या टाकीचं वजन ५.८ किलो, शेवटच्या चाचणीचा महिना आणि साल. या टाक्यांची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते. ती तारीख उलटून गेली असेल तर चांगला गॅसवाला भरूनच देत नाही. मग त्यांनी रेग्युलेटरचे आटे बघितले, नळी वाकवून बघितली, आणि माणसाशी ‘तुमचा जुना मालक कुठे असतो’ वगैरे बोलणं सुरू झालं, ते मला रिक्षा थांबवून ऐकावं लागलं. रेग्युलेटर २,२०० ला पडला. बाटलीवर बसणारी झडपेची टोपणं, नळी आणि क्लॅम्प मिळून ८५०.

घरी आल्यावर आप्पांनी पान्ह्याने स्वतः रेग्युलेटर बसवला. चौतीस वर्षांचा फिटर. मी फक्त टॉर्च धरला. त्या रात्री दोन बाटल्या सोडा केला, सगळ्यांनी प्यायला. सकाळी रेग्युलेटरचा काटा शून्यावर. टाकी उचलली तर हलकी. दोन किलो गॅस रात्रीत गेला होता.

आप्पांनी रेग्युलेटर काढला, आत बघितलं, आणि विचारलं, "पाकिटात वायसर होता का गं?" पाकीट मी जपून ठेवते, सवय आहे. त्यात नखाएवढी पांढरी नायलॉनची चकती तशीच होती. आप्पा किती तरी वेळ ती बोटावर घेऊन बसले. मी म्हटलं, "आप्पा, असू द्या, चारशे रुपयांचा तर गॅस." ते म्हणाले, "चारशेचं नाही गं."

पण माझ्या मनात दुसरीच गोष्ट होती. आम्ही टाकी बाल्कनीत ठेवली होती ती निव्वळ स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून. दोन किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे अकराशे लिटर वायू. तो हवेपेक्षा जड, खाली साचणारा, वासही नाही. आमचं स्वयंपाकघर आठ बाय आठ. दारं-खिडक्या लावून तेवढा वायू तिथे सुटला असता तर हवेत सहा-सात टक्के झाला असता, आणि तेवढ्यात माणूस गुदमरून बेशुद्ध पडू शकतो. त्या दिवसापासून टाकी कायम बाल्कनीत, सावलीत, कठड्याला पट्ट्याने बांधलेली, आणि काम झालं की मुख्य व्हॉल्व्ह बंद. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं, फुगा आला की तिथे गळती. हे आप्पा आजही दर रविवारी करतात. कुणी सांगितलेलं नाही.

दाबमापकाने अजून एक धडा दिला. ३१ अंशांच्या खाली टाकीत वायू द्रवरूपात असतो, आणि द्रव संपेपर्यंत वरचा काटा जागचा हलत नाही; संपला की एकदम कोसळतो. ३१ च्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच राहत नाही, आणि आमच्या बाल्कनीत ऑक्टोबरच्या दुपारी हीच अवस्था असते. तेव्हा काटा गॅस किती उरला हे सांगत नाही, ऊन किती आहे हे सांगतो. म्हणून मी प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा काटा आणला. टाकीचं वजन वजा ५.८, उरला तो गॅस. दर पहिल्या तारखेला वहीत नोंद.

आता सोडा कसा होतो ते. सव्वा लिटरची सोड्याचीच बाटली, त्यात लिटरभर पाणी, रात्रभर फ्रिजच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात ठेवलेलं. गार म्हणजे दात शिवशिवतील इतकं गार हवं. साध्या दाबाला २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आत वायू मावतो, चार अंशांवर त्याच्या जवळपास दुप्पट. सुरुवातीला माझा सोडा पांचट व्हायचा आणि मी दाब वाढवत बसायचे. दोष पाण्याचा होता. मग टोपण लावायच्या आधी बाटली दोन्ही हातांनी दाबायची, पाणी गळ्यापर्यंत चढेस्तोवर, म्हणजे वरची हवा निघून जाते. ही हवा राहिली तर दाबातला तिचा वाटा ती घेते, वायूला तेवढी जागा कमी. चिमटलेल्या बाटलीवर झडपेचं टोपण घट्ट लावायचं आणि नळी जोडायची. टक्. चेमटलेली बाटली अंग झटकून सरळ उभी राहते. रेग्युलेटर पस्तीस पीएसआयवर. बाटली आडवी धरून चाळीस सेकंद हलवायची. हलवताना नळीतून सूं-सूं आवाज येतो, तो हळूहळू मंदावतो आणि थांबतो. थांबला की झालं. नळी काढायची, तासभर फ्रिजमध्ये ठेवायची आणि मग टोपण अगदी सावकाश सैल करायचं. घाईने उघडणाऱ्याला चिन्मयने एकदा छतापर्यंतचं प्रात्यक्षिक दाखवलेलं आहे.

वायू फक्त साध्या पाण्यात भरायचा. एकदा हौसेने तयार कोकम सरबतच बाटलीत घातलं, तर फेस थेट नळीत चढला, आणि रेग्युलेटर वाचवायला नळी कापावी लागली. आता आगळ, साखर, जिरं, सैंधव पेल्यात आधी थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून घेते आणि मग सोडा पेला तिरका धरून कडेने सोडते. वरून कोरडं मीठ किंवा मसाला भुरभुरला की दाण्यादाण्यावर बुडबुडे धरतात आणि सगळा वायू फेसात जातो. गाडीवरचा मसाला सोडा फसफसून वर येताना छान दिसतो, पण तुम्ही पिता तेव्हा त्यात फार काही उरलेलं नसतं.

हिशेब असा आहे. फसलेले प्रयोग, वाया गेलेला गॅस आणि दुसरी भरणी सगळं धरून वहीत ८,६०० रुपये. दुसऱ्या भरणीतून डिसेंबरपर्यंत १४२ लिटर सोडा निघाला, म्हणजे गॅस लिटरला तीन रुपयांच्या आत. दुकानापेक्षा लिटरला चोवीस रुपये वाचले, एकूण ३,४०० च्या आसपास. अजून ५,२०० वसूल व्हायचे आहेत. पूर्वी आम्ही दिवसाला अर्धा लिटर सोडा प्यायचो. त्या वेगाने पैसे वसूल व्हायला एकूण दोन वर्षं लागली असती. आता पाऊण लिटरच्या वर जातो, म्हणून लवकर होईल. चिन्मयच्या मते आपण अजून जास्त प्यायलो तर अजून जास्त पैसे वाचतील. कारखान्यात असंच बोलणारा एक सेल्समन होता. हे ५,२०० नुसते आकड्यात बघितले तर महिन्याला चार बाटल्या लागणाऱ्या घराने सरळ कोपऱ्यावरून विकत आणाव्यात, ते त्यांना कायम स्वस्तच पडेल.

पण भंगाराची गोणी बंद झाली. सहा बाटल्या आलटून पालटून वापरतो. गळ्यापाशी पांढरट रेघा किंवा घडी दिसली की ती बाटली बाद. आणि कोकमाचा सोडा मी दुकानात कधी प्यायले नव्हते तसा आता घरी होतो.

काल एक तारीख होती. टाकी हुकाला लावली, काटा म्हणाला ५.९५. दीडशे ग्रॅम, म्हणजे फार तर दहा-बारा बाटल्या, आणि संक्रांतीला नणंदेकडची सगळी मंडळी येणार आहेत. आज सकाळी ऑफिसला निघताना बघितलं तर आप्पांनी पट्टा सोडून टाकी दाराशी आणून ठेवली होती. स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून तयार, आणि खिशात पेनाशेजारी एका छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत नायलॉनचे दोन नवे वायसर.